हद्द सरकते तेव्हा धंद्याचा हिसाब कुठे बदलतो?

मागच्या पावसाळ्याआधी भिवंडीकडचे एक लूमवाले माझ्या लोअर परळच्या गाळ्यावर आले होते. हिसाब चुकता झाला, चहा आला, आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्यांची शेड भिवंडी शहराच्या बाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे. चोवीस लूम आणि शेजारी भाड्याने दिलेले एक गोडाऊन.

"भाईसाहेब, गाव महापालिकेत जाणार अशी बोलवा परत उठली आहे. विरोधाचा हा कागद घरोघर फिरतोय. भाऊ म्हणतो, महापालिका आली तर पाणी येईल, जागेला भाव येईल. शेजारी म्हणतो, टॅक्सने मरशील. तुम्ही सांगा, सही करू की नको?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. कापडाचा भाव विचारला असता तर झोपेतही सांगितला असता. पण हा मामला वेगळा, आणि आपल्यातल्या पुष्कळ व्यापाऱ्यांना, कारागिरांना तो कधी ना कधी भेटणार. म्हणून त्या दिवशी जे सांगायचे राहिले ते इथे सविस्तर लिहितो.

आधी मालाचा रस्ता पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर विणकामाचा मोठा हिस्सा गिरणगावातून यंत्रमागांकडे गेला. वालिद साहेब गिरणीच्या दारातून फेंट उचलत. मी ज्या काळात धंद्यात आलो तेव्हा माल भिवंडीहून येऊ लागला होता. सूत बाहेरून येते, सायझिंगला जाते, बीम लुमावर चढते, कोरे कापड तयार होते. ते रंगवायला आणि छापायला डोंबिवली, उल्हासनगर किंवा तारापूरकडच्या प्रोसेस हाऊसला जाते आणि तिथून मुंबईच्या बाजारात उतरते. धंद्याच्या दृष्टीने ही एकच लांब गिरणी आहे, फक्त तिची खाती वेगवेगळ्या गावांत विखुरलेली आहेत. सरकारच्या दृष्टीने मात्र या रस्त्यावर तीन-चार तरी स्थानिक संस्था लागतात आणि प्रत्येकीची हद्द वेगळी.

पूर्वी प्रत्येक हद्द म्हणजे एक नाका होता. जकात हा शब्द आपल्या घरांत वेगळ्याच अर्थाने उच्चारला जातो. लहानपणी नाक्यावर 'जकात' लिहिलेला फलक पाहून मी वालिदांना विचारले होते की इथे गरिबांना पैसे वाटतात का. ते हसले आणि म्हणाले, "इथे गरिबांकडून घेतात." ती जकात म्हणजे शहराच्या हद्दीत वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावरचा कर. माल नुसता हद्दीतून पलीकडे जाणार असेल तर कागद दाखवायचे, एस्कॉर्टचे पैसे भरायचे आणि दुसऱ्या टोकाला पावती परत करायची. प्रोसेसला आलेला माल परत बाहेर गेला तर परतावा मागायची सोय असे, पण तो परतावा हातात पडेपर्यंत हंगाम उलटून जाई. माझा एक टेम्पो एका नाक्यावर सबंध रात्र उभा राहिला होता, कारण बिल्टीवर तागे लिहिले होते आणि बिलावर मीटर. सकाळी गिऱ्हाईकाने ऑर्डर रद्द केली.

आता दोन शेजारची गावे एका संस्थेत आली तर काय होईल? त्यांच्यामधला नाका उठेल आणि बाहेरच्या कडेला जाईल. आतल्या आत माल फिरवणाऱ्याचा फायदा, बाहेरून कच्चा माल आणणाऱ्याला जैसे थे, आणि काल बाहेर असलेल्या कारखान्याला नवा बोजा. आमची मुंबईही अशीच वाढली. कुर्ल्याला गिरण्या होत्या आणि कुर्ल्याची स्वतःची नगरपालिकाही होती. १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. पुढे १९६५ साली मुंबईत जकात आली तेव्हा नाके दहिसर, मुलुंडला बसले ते याच रेषेमुळे. ज्यांनी १९५७ साली हद्द आखली त्यांच्या मनात जकातीचा नाका नसेल. पण एकदा आखलेली रेघ नंतर कशाकशाला वापरली जाईल हे आखणाऱ्याच्याही हातात राहत नाही.

शेजारची औद्योगिक शहरे एकत्र बांधण्याचा आपल्याकडचा सर्वांत बोलका नमुना कल्याणचा आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण महापालिका स्थापन झाली. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची गावे त्यात घातली गेली. कागदावर जोडी छान जमली होती. डोंबिवलीला एमआयडीसी, तिथे रसायने आणि कापडाचे प्रोसेस. अंबरनाथला आगपेटीचा कारखाना, दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, रसायनांचे कारखाने. कल्याणजवळ मोहने इथे रेयॉनचा कारखाना. पण नकाशा उघडून बघा. कल्याणहून लोकलने अंबरनाथला जाताना मध्ये विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्टेशने लागतात, आणि उल्हासनगर या महापालिकेत नव्हते. ते वेगळेच राहिले, १९९६ साली त्याची स्वतंत्र महापालिका झाली. म्हणजे घराच्या दोन खोल्या आपल्या आणि मधली खोली दुसऱ्याची.

दुसरी गोष्ट याहून मोठी. महापालिका १९८३ साली झाली आणि पहिली निवडणूक १९९५ साली. मधली बारा वर्षे प्रशासकाचा कारभार. नगरपालिका असताना अंबरनाथच्या दुकानदाराला आपला नगरसेवक चौकात भेटत होता, आता अर्ज घेऊन कल्याणला जायचे आणि तिथे निवडून आलेला माणूसच नाही. १९९२ साली अंबरनाथ आणि बदलापूर या महापालिकेतून बाहेर पडले आणि त्यांच्या पुन्हा नगरपालिका झाल्या. नऊ वर्षांत लग्न मोडले. डोंबिवलीच्या बाजूच्या २७ गावांची कहाणी तर त्याहून लांब आहे. २००२ साली ती महापालिकेतून वगळली, २०१५ साली परत घेतली, २०२० साली त्यातली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयाने रद्द केला. या ओढाताणीत ज्याने गावात गाळा बांधला त्याच्या परवानगीवर कोणाचा शिक्का हवा, हा प्रश्न दर काही वर्षांनी नव्याने उभा राहिला.

याच्या उलट उदाहरण पिंपरी-चिंचवडचे. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून एक नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडलेले आहे. १९८२ साली तिची महापालिका झाली आणि १९९७ साली आणखी १८ गावे आली. २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती १७ लाखांच्या पुढे होती. इथे जमले ते का? एक तर चारही गावे एकमेकांना लागून होती. दुसरे म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज असे मोठे कारखाने गावांच्या मधोमध होते, त्यामुळे त्यांच्या कच्च्या मालावरची जकात एकाच तिजोरीत पडली आणि तिथेच रस्त्यांना, पाण्याला लागली. तिसरे म्हणजे या चारांपैकी कोणतेही गाव आधीपासून मोठे शहर नव्हते. त्यामुळे मोठ्याने धाकट्याला गिळल्याची भावना कमी राहिली. कल्याण आणि अंबरनाथ यांच्यात ती होती.

सांगलीकडे ती आजही ऐकू येते. फेब्रुवारी १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची एक महापालिका झाली. सांगली हळदीची पेठ, कुपवाडला एमआयडीसी, आणि मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचे गाव. त्या कारागिरांत आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुख्यालय सांगलीत, म्हणून निधी सांगलीत जिरतो ही मिरज-कुपवाडची तक्रार जुनी आहे. पण व्यापाऱ्याच्या नजरेतून या महापालिकेचा खरा किस्सा तारखेचा आहे. १९९९ साली राज्य सरकारने नगरपालिकांची जकात बंद केली. महापालिकांची मात्र चालू ठेवली. सांगली आणि मिरज आणखी सव्वा वर्ष नगरपालिकाच राहिल्या असत्या तर त्यांचे नाके त्याच वर्षी उठले असते. महापालिका झाल्यामुळे जकात राहिली, पुढे तिच्या जागी एलबीटी आला आणि त्याविरुद्ध सांगलीच्या व्यापाऱ्यांनी केलेली आंदोलने सर्वांना आठवत असतील. तिकडे अंबरनाथ, बदलापूर १९९२ सालीच नगरपालिका होऊन बसले होते, त्यांची १९९९ साली सुटका झाली. इचलकरंजी २०२२ सालापर्यंत नगरपालिकाच होती. म्हणजे सारखेच यंत्रमाग, सारखेच सूत, पण गावाच्या पाटीवर 'नगरपालिका' लिहिले आहे की 'महापालिका' यावर मीटरमागचा खर्च ठरत होता. भिवंडी-निजामपूरची महापालिका झाली ती २००१ साली, आणि तेव्हा व्यापाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता तो याच कारणाने.

भिवंडीभोवतीची गोडाउने हीसुद्धा या रेषेचीच औलाद. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी, वळ, माणकोली या गावांत जमीन स्वस्त होती, रस्ता मुंबईला लागून होता आणि गाव ग्रामपंचायतीचे असल्याने नाका नव्हता. बाहेरगावचा माल तिथे उतरवायचा, आणि मुंबईत जेवढा विकला जाईल तेवढाच टेम्पोने आत न्यायचा, म्हणजे जकात तेवढ्यावरच. लाखोंचे भांडवल नाक्यावर अडकत नव्हते. कोणी योजना आखून ही गोडाउने वसवली नाहीत, करानेच ती वसवली.

विलायतेतही हा प्रयोग झालेला आहे, आणि तोही कारागिरांच्या गावांत. इंग्लंडमध्ये चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध अशी सहा लागून लागून गावे होती. १९१० साली ती मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट हे एक नगर झाले. धंदा सहाही गावांत एकच, तरी एकत्र येण्याआधी वर्षानुवर्षे वाद चालला, आणि तो मुख्यतः एका गावाचे कर्ज दुसऱ्या गावाच्या करदात्याने का फेडायचे यावर. तिथले लोक आजही स्वतःला बर्स्लेमचे, हॅन्लीचे म्हणवतात. पण कर्जाचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे दोन गावे एक होतात तेव्हा तलाव कोणाला, नाव काय ठेवायचे, यावर सभा गाजतात. जुन्या संस्थेचे देणे किती आणि ते कोणाच्या माथी, हे विचारणारा क्वचित भेटतो. कायद्याने जुन्या ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची मालमत्ता नव्या संस्थेकडे जाते तशी तिची देणीही जातात.

आता आजची स्थिती पाहू. ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांसाठी एलबीटी १ ऑगस्ट २०१५ पासून बंद झाला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. टेम्पो आता नाक्यावर थांबत नाही. मग पुष्कळ जण म्हणतात, गाव पालिकेत गेले काय आणि पंचायतीत राहिले काय, काय फरक पडतो? फरक पडतो, पण दुसऱ्या वहीत.

जकात गेल्यावर राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते. त्यासाठी २०१७ साली कायदा झाला आणि भरपाईत दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. पण महापालिकेने स्वतःच्या जोरावर वाढवायचे उत्पन्न म्हणाल तर मुख्यतः मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क. म्हणजे पूर्वी महापालिकेला कारखाना हवा असे, कारण त्याचा कच्चा माल नाक्यावरून येई. आज तिला चौरस फूट हवेत. भिवंडीभोवतीच्या गोडाउनांवर डोळा का जातो ते यातून समजेल. आणि म्हणूनच आपल्या लूमवाल्याने जीएसटीची काळजी सोडून घरपट्टीची काळजी करायला हवी. त्याची शेड लांबरुंद, पत्र्याची, उत्पन्न बेताचे. चौरस फुटावर कर लागला की लूमची शेड आणि ई-कॉमर्सवाल्यांचे गोडाऊन एका ओळीत येऊन बसते, जरी एकाचा नफा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नसला तरी.

घरपट्टी एका रात्रीत वाढत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. नव्याने सामील झालेल्या भागाला महापालिका अधिनियमात टप्प्याटप्प्याची सवलत आहे. पुणे महापालिकेत गेलेल्या गावांना सुरुवातीला ग्रामपंचायतीचाच दर लागला आणि मग दरवर्षी २० टक्क्यांची पायरी चढत गेली. खरा धोका वेगळा आहे. शेड बांधताना ग्रामपंचायतीचा दाखला घेतला, पण नगररचनेची मंजुरी घेतली नाही, असे आपल्यात शेकडो आहेत. महापालिकेच्या दप्तरात ते बांधकाम अनधिकृत ठरू शकते. अशा बांधकामावर मूळ मालमत्ता कराखेरीज शास्ती लावण्याची तरतूद २००८ साली आली. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीकराने हजारो घरांची झोप उडवली होती. कराच्या थकबाकीपेक्षा शास्ती मोठी, आणि मूळ कर भरायला गेले तर तो आधी शास्तीत वळता. २०२३ साली ती माफी मिळाली, पण तोपर्यंत किती वर्षे गेली बघा. तेव्हा गाव पंचायतीत आहे तोवरच नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, नाहरकत दाखला आणि वीजबिल यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. सामिलीकरणात दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते आणि अशा प्रवासात कागद गहाळ होणे ही काही नवलाची बाब नाही.

परवान्याचाही प्रश्न आहे. महापालिका हद्दीत बऱ्याच धंद्यांना व्यवसाय परवाना, साठवणुकीचा परवाना आणि अग्निशमनाचा दाखला लागतो. सूत, चिंध्या, रंग, केमिकल ठेवणाऱ्यांनी हे आधीच पाहावे. आगीच्या बाबतीत मी म्हणेन, हा जाच बरा. पंचायतीच्या हद्दीत आग लागली तर बंब शेजारच्या शहरातून यायचा, आणि तोवर काय उरते ते आपण पाहिलेले आहे.

एमआयडीसीत गाळा असेल तर हिसाब आणखी निराळा. पाणी एमआयडीसीचे, आतले रस्ते बहुतेक ठिकाणी एमआयडीसीचे, सेवा शुल्क तिलाच. वर महापालिका मालमत्ता कर घेते. नवी मुंबईचे उद्योजक हा वाद घेऊन कोर्टापर्यंत गेले. दोन मालक आणि खड्डा कोणाचा ते ठरत नाही, ही तक्रार डोंबिवलीतही ऐकायला मिळते. विजेबाबत मात्र गैरसमज नको. भिवंडीत २००७ पासून वीज वाटपाचे काम टोरंट कंपनीकडे आहे आणि विजेचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. गाव पालिकेत गेल्याने लुमाचे बिल एका पैशानेही हलत नाही.

पाण्यासाठी तरी पालिकेत जावे असे म्हणणाऱ्यांना मी एक उदाहरण देतो. ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांनी मिळून स्टेम ही पाणीपुरवठ्याची संस्था चालवली आहे. चौघांची तिजोरी वेगळी, सभा वेगळ्या, पण उल्हास नदीचे पाणी एकत्र उचलून वाटून घेतात. एका कामासाठी चूल एक, बाकी घरे वेगळी. सांडपाण्याबाबत असे काही वेळेवर झाले असते तर वालधुनी नदीची जी दशा झाली ती झाली नसती. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशा हद्दी ओलांडत ती नदी येते, प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो, आणि प्रकरण हरित लवादापर्यंत गेले तेव्हा दंडाची तलवार प्रोसेस हाऊसवर लटकली. डोंबिवलीचे प्रोसेस थांबले की भिवंडीचे कोरे कापड पडून राहते आणि लोअर परळच्या माझ्या फळ्या रिकाम्या. हद्दीला हे कळत नाही.

कायद्याची वाट थोडक्यात अशी. महापालिका होण्यासाठी साधारण तीन लाख वस्ती लागते. शासन आधी प्रारूप अधिसूचना काढते, हरकती आणि सूचनांसाठी मुदत देते, ती साधारण ३० दिवसांची असते, आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना येते. या ३० दिवसांत 'आमचा विरोध आहे' अशा एका ओळीखाली पाचशे सह्या जातात आणि फाइलला एका टाचणीने लागतात. ज्यात स्वतःचा मुद्दा, मालमत्तेचा तपशील आणि नेमकी मागणी आहे असा अर्ज वेगळा नोंदवावा लागतो आणि पुढे कोर्टात गेलात तर तोच कामाला येतो. एक गोष्ट मात्र कोणताही अर्ज देऊ शकत नाही, ती म्हणजे निवडून आलेला माणूस. सरपंच जातो आणि गाव एका प्रभागाचा तुकडा होतो. कल्याणने बारा वर्षे वाट पाहिली हे वर सांगितलेच. २०२२ नंतरही राज्यातल्या बऱ्याच महापालिकांचा कारभार काही वर्षे प्रशासकांनीच पाहिला.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, जिथे वस्ती खरोखर एकमेकांत मिसळली आहे आणि कारखान्याचा मजूर एका हद्दीत राहून दुसऱ्या हद्दीत राबतो आहे, तिथे एक संस्था होणे योग्य. मजुराच्या वस्तीला गटार आणि दवाखाना देण्याचे पैसे कारखाना जिथे कर भरतो तिथेच असतात. फक्त नकाशावर लागून आहे एवढ्यावरून जोडू नये, आणि निवडणुकीची तारीख ठरल्याशिवाय तर मुळीच नाही.

आमच्या लूमवाल्यांनी शेवटी त्या कागदावर सही केली नाही. गाळ्यावर बसूनच आम्ही दोघांनी मुद्दे काढले. लूमच्या शेडला गोडाउनाचा दर लागणार का, पंचायतीच्या दाखल्यावर उभी असलेली बांधकामे नियमित करणार का, आणि पाण्याची लाइन कोणत्या वर्षी येणार. मला मराठी बोलता येते पण सरकारी अर्जाचा मजकूर लिहिताना आजही उर्दू शाळा आठवते, म्हणून मुलीला बसवले आणि तिने तो नीट उतरवून दिला. अधिसूचना अजून निघालेली नाही. अर्ज त्यांच्या तिजोरीत आहे, सोबत नमुना ८ चा उतारा लावलेला, तारखेची जागा मोकळी सोडलेली.